मुखवट्यामागचा चेहरा : ‘द प्रिझनर’चा शेवट आणि संतप्त प्रेक्षक

१/ फेब्रुवारी १९६८. ब्रिटनच्या आयटीव्हीवर ‘द प्रिझनर’ या विज्ञानकल्पित मालिकेचा सतरावा व अखेरचा भाग ‘फॉल आउट’ प्रसारित झाला आणि प्रेक्षक खवळले. मालिकेचा शेवट नेमका कोणाच्या मालकीचा असतो, हा आजचा वाद तेव्हाही तितकाच तीव्र होता.

२/ कथासूत्र साधे होते. राजीनामा देणाऱ्या एका गुप्तहेराला बेशुद्ध करून एका निनावी ‘गावा’त डांबले जाते. तेथे माणसांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. नायक क्रमांक सहा. कारभारी क्रमांक दोन, आणि तो वारंवार बदलतो. मग क्रमांक एक कोण?

३/ बहुतेक भागांच्या आरंभी नायक हाच प्रश्न विचारतो. उत्तर मिळते : ‘तू क्रमांक सहा आहेस.’ प्रेक्षकांनी चार महिने या एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली.

४/ नायक, निर्मितीमागची मुख्य प्रेरणा आणि अखेरच्या भागाचे लेखक-दिग्दर्शक एकच : पॅट्रिक मॅकगूहन. ‘डेंजर मॅन’मधील गुप्तहेर म्हणून ते घरोघरी परिचित होते. प्रेक्षकांची अपेक्षा त्या ओळखीतूनच घडली होती. अखेरीस कोणी बाँडपटातला खलनायक सापडेल, असे त्यांनी गृहीत धरले होते.

५/ प्रत्यक्षात काय घडले? नायक क्रमांक एकचा मुखवटा ओढतो. आत वानराचा मुखवटा. तोही ओढतो, तर आत त्याचाच स्वतःचा चेहरा, वेड्यासारखा हसणारा. पुढे बीटल्सच्या प्रेमगीताच्या साथीने गोळीबार आणि अग्निबाणाचे उड्डाण. नायक लंडनला परततो. पण त्याच्या घराचे दार गावातल्या दारांप्रमाणेच आपोआप उघडते.

६/ १९७७ साली कॅनडात दिलेल्या मुलाखतीत मॅकगूहन यांनी सांगितले की, लोक इतके संतापले होते की त्यांना दोन आठवडे डोंगरात दडून राहावे लागले. कथनात थोडी अतिशयोक्ती असेलही. रोष मात्र खरा होता.

७/ हा रोष अनाठायी होता काय? पूर्णपणे नाही. रहस्यकथा वाचकाशी एक अलिखित करार करते : प्रश्न मांडला, तर उत्तर द्यायचे. येथे उत्तर दिले गेले, पण रूपकाच्या भाषेत. हेरकथा पाहायला बसलेल्यांच्या पदरी नीतिकथा पडली. त्यांना फसवणूक वाटली, यात नवल नाही.

८/ तरीही उत्तर पहिल्यापासून समोरच होते. मूळ इंग्रजी वाक्य मध्ये किंचित थांबून म्हटले, तर त्याचा अर्थ होतो : ‘तूच आहेस, क्रमांक सहा.’ तुरुंगाचा अधिपती बाहेर नसून आत आहे, हे मालिकेला सांगायचे होते. प्रेक्षक बाहेरचा शत्रू शोधत होते.

९/ काळाने निकाल काहीसा फिरवला. १९७७ मध्ये मालिकेच्या चाहत्यांची संस्था स्थापन झाली. जेथे चित्रण झाले ते वेल्समधील पोर्टमेरियन हे क्लफ विल्यम्स-एलिस यांनी उभारलेले गाव रसिकांचे तीर्थस्थान बनले.

१०/ म्हणून प्रेक्षकांची टीका चुकीची ठरत नाही. उत्तर न पटलेल्यांनीच तो प्रश्न जिवंत ठेवला. सर्वांना तत्काळ पटलेला शेवट कदाचित दुसऱ्या दिवशीच विस्मरणात गेला असता.