शहीद म्हणजे साक्षीदार

लंडनमध्ये ग्रीन पार्क नावाची मोठी बाग आहे. तिच्या एका टोकाला ब्राँझचे सात पुतळे उभे आहेत. अंगावर उड्डाणाचे जाडजूड कपडे, खांदे उतरलेले, चेहऱ्यावर रात्रभराचा शीण. बॉम्बफेकी विमानातून मोहीम करून नुकतेच परतलेले हे सात जण आहेत. त्यांतल्या काहींची नजर आकाशाकडे लागली आहे. सोबत गेलेले पण अजून न परतलेले मित्र ते शोधत आहेत.

राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते या स्मारकाचे अनावरण झाले २८ जून २०१२ रोजी. युद्ध संपले होते १९४५ साली. मधे सदुसष्ट वर्षे गेली. लंडन हे तर स्मारकांचे शहर. तिथे चौकाचौकांत सेनापती घोड्यावर बसलेले दिसतात. मग या मुलांनाच एवढा उशीर का झाला? त्या उशिराची गोष्ट मला आज सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाचा जो विभाग शत्रूवर बॉम्बफेक करी, त्याला बॉम्बर कमांड म्हणत. त्यात सुमारे सव्वा लाख तरुण विमानांतून लढले. एकूण एक स्वखुशीने आलेले. सक्तीने कोणालाही विमानात बसवले नव्हते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, वेस्ट इंडीज, कुठून कुठून ते आले. त्यांतले ५५,५७३ जण मेले. म्हणजे दर शंभरांतले चव्वेचाळीस. मरणाऱ्यांचे सरासरी वय बावीस-तेवीस. आपल्याकडे या वयाचा मुलगा बी.ए. होऊन नोकरीचे अर्ज लिहीत असतो.

लँकेस्टर हे त्यांचे सर्वांत नावाजलेले विमान. अशी ७,३७७ विमाने बांधली गेली आणि निम्म्याच्या आसपास मोहिमांवर गमावली. एका विमानात सात माणसे: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. हे सात जण एकत्र कसे येत, ते ऐकण्यासारखे आहे. प्रशिक्षणतळावर सगळ्यांना एका मोठ्या हँगरमध्ये सोडून देत आणि सांगत, तुमचे सोबती तुम्हीच निवडा. चहा पिता पिता, चेहरा पाहून, बोलण्यावरून, गावाच्या ओळखीवरून जोड्या जमत. सगळ्या बाबतींत शिस्त लावणाऱ्या लष्कराने ही एक गोष्ट मात्र माणसांच्या मनावर सोपवली होती. ज्यांच्याबरोबर कदाचित मरायचे आहे ती माणसे त्यांनी स्वतः निवडलेली असत.

दुपारी सभा भरे. भिंतीवरच्या नकाशावरचा पडदा बाजूला होई आणि रिबन कोणत्या शहरापर्यंत ताणली आहे ते दिसे. बर्लिन असले तर खोलीभर उसासा उठे. युद्धकाळात इंग्लंडमध्ये अंडी रेशनवर होती. या मुलांना मात्र मोहिमेच्या ताटात अंडे मिळे. मग सात-आठ तासांचा अंधार. शेपटीकडचा गनर आपल्या काचेच्या पिंजऱ्यात एकटा, इतरांकडे पाठ करून बसलेला. बाहेर शून्याखाली चाळीस अंश. अंगात विजेने गरम होणारा पोशाख असे, तो कधी चाले, कधी बंद पडे. रात्रीचे शत्रुविमान नीट दिसावे म्हणून कित्येक गनर समोरची काचच काढून टाकत आणि ती थंडी थेट चेहऱ्यावर घेत.

अशा तीस मोहिमा झाल्या की एक पाळी पुरी. पुष्कळांची ती पुरी झाली नाही. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने निघाली, त्यांतली ९५ परतली नाहीत. सकाळी बराकीत रिकाम्या खाटा दिसत. नेमून दिलेली माणसे येत, गेलेल्याचे सामान आवरत, पत्रे चाळत, घरच्यांना दुखावेल असे काही असले तर बाजूला काढत. संध्याकाळी त्याच खाटेवर नवा मुलगा झोपे. ‘मला आता जमत नाही’ असे कोणी म्हटले तर त्याच्या कागदांवर शेरा पडे: नैतिक बळाचा अभाव. त्या शेऱ्याची भीती मरणाइतकीच होती.

या कहाणीत आपलेही धागे आहेत. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात एक जुने लँकेस्टर जपून ठेवले आहे. त्याने १३७ मोहिमा केल्या. ज्या विमानांनी पुढे जाऊन बाकीच्यांसाठी लक्ष्य उजळायचे, त्या ‘पाथफाइंडर’ दलातल्या ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते काही काळ होते. त्या काळात त्यातून उडालेल्यांमध्ये एक नॅव्हिगेटर होता शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. हे आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच.

दुसरा धागा जुन्या निजामी मुलखातला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, हैदराबादच्या निजामाच्या पैशाने एका बॉम्बफेकी स्क्वाड्रनला विमाने मिळाली. ती ११० क्रमांकाची ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन. प्रत्येक विमानावर निजामाची भेट म्हणून तसा मजकूर लिहिलेला असे. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ला, ब्रिटनने जर्मनीच्या आरमारावर पहिला बॉम्बहल्ला केला. त्यात हीच स्क्वाड्रन पुढे होती. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा साराही होता. औरंगाबाद-परभणीच्या कुणब्याला जर्मनी कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण त्याच्या घामाच्या पैशाचा अंश तिथवर उडत गेला होता.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती टाळली तर बोलण्यात अर्थ नाही.

युद्धाच्या सुरुवातीला लष्करी ठिकाणे हेरून बॉम्ब टाकायचे असे ठरले होते. दिवसा गेले की विमाने पडत, म्हणून रात्री जाऊ लागले. रात्री काही दिसेना. १९४१च्या ऑगस्टमध्ये विमानांतून काढलेली छायाचित्रे तपासली, तेव्हा कळले की लक्ष्यावर हल्ला केला म्हणणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. कारखाना सापडत नाही, पण शहर सापडते. १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने मग शहरांनाच लक्ष्य केले, आणि आठवड्याभरात आर्थर हॅरिस या दलाचे प्रमुख झाले. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्रीत हजारांहून अधिक विमाने कोलोनवर गेली. १९४३च्या जुलैत हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले. तळघरांत लपलेली माणसे हवेवाचून मेली. पस्तीस ते चाळीस हजार माणसे त्या हल्ल्यांत गेली. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री ड्रेस्डेन जळाले. तिथे किती मेले यावर पुढे खूप राजकारण झाले; ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० साली सांगितलेला आकडा पंचवीस हजारांपर्यंतचा आहे. सबंध जर्मनीत हवाई हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात.

याआधी जर्मन विमानांनी वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कव्हेंट्री जाळली होती, हेही खरे. नाझी राजवट हरली नसती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. तरीही हॅम्बुर्गच्या तळघरातल्या मुलाने कव्हेंट्रीवर बॉम्ब टाकला नव्हता.

विजय जवळ आला तशी ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना टोचू लागली. २८ मार्च १९४५ रोजी खुद्द चर्चिल यांनी सेनाप्रमुखांना लिहिलेल्या टिपणात या बॉम्बफेकीचा फेरविचार व्हावा असे म्हटले आणि ड्रेस्डेनकडे बोट दाखवले. सेनाधिकारी नाराज झाले, तेव्हा टिपणाची भाषा सौम्य केली. युद्धानंतर बॉम्बर कमांडच्या मुलांना त्यांच्या मोहिमेचे वेगळे पदक मिळाले नाही. आदेश देणारे वर होते, आदेश बरोबर की चूक हा वाद त्यांचा. पण त्या वादाचे ओझे विमानात बसलेल्यांच्या डोक्यावर आले. मुले घरी गेली, नोकऱ्या धरल्या, संसार केले आणि गप्प राहिली. त्यांतल्या कित्येकांच्या बायकामुलांनाही काही ठाऊक नव्हते.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे मी या प्रश्नाकडे आपल्याकडच्या शब्दकलांमधून पाहतो. आपल्याकडे वीराचा सन्मान पोवाड्याने होतो. पोवाड्याला निखळ पराक्रम हवा. मोहरममध्ये मर्सिया म्हणतात. त्याला निखळ निरपराध बळी हवा. या मुलांना धड ना पोवाडा लागू पडला, ना मर्सिया. ती शूर होती, तीही मारली जात होती आणि तिच्या हातून निरपराध मरत होते. तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच विमानात घडत.

अशा वेळी मला महाभारत आठवते. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांची कत्तल करतो. व्यासांनी ते लपवले नाही, आणि त्याच्या लगेच पुढचे पर्व आहे स्त्रीपर्व. रणांगणावर आपापले मृतदेह शोधणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बायकांचा विलाप त्यात आहे. विजयाच्या कथेत व्यासांनी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवली. स्मारक करायचे तर असेच करावे लागते.

ग्रीन पार्कच्या स्मारकात ती धडपड दिसते. त्याच्या छताला वापरलेले काही ॲल्युमिनियम १९४४च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये कोसळलेल्या हॅलिफॅक्स विमानाचे आहे. दलदलीत रुतलेले ते विमान १९९७ साली बाहेर काढले, तेव्हा आत तीन जणांचे अवशेष मिळाले. स्मारकावर आणखी एक मजकूर कोरला आहे: १९३९ ते १९४५मधल्या बॉम्बफेकीत जीव गमावलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही हे स्मरण आहे, अशा आशयाचा. तरी ड्रेस्डेनहून आक्षेप आलाच. तो यायलाच हवा होता. स्मरणात वाद नसेल तर ते स्मरण पुरते झाले नाही असे समजावे. पुढच्याच वर्षी, २०१३मध्ये, हयात असलेल्यांना आणि गेलेल्यांच्या वारसांना पदकाच्या फितीवर लावायची एक छोटी पट्टी मिळू लागली. तोवर बहुतेक छाती उरल्या नव्हत्या.

त्याहून मोठे काम लिंकन या गावी झाले. युद्धात या भागात तळांची दाटी होती. परतणाऱ्या विमानांना लिंकनच्या कॅथीड्रलचे मनोरे दुरून दिसत आणि घर आले असे कळे. तिथल्या टेकडीवर २०१८ साली एक केंद्र उघडले. त्यातला लोखंडी मनोरा लँकेस्टरच्या पंखांच्या रुंदीइतका, ३१ मीटरांहून थोडा जास्त उंच आहे. भोवतीच्या भिंतींवर सुमारे ५८ हजार नावे आहेत, हुद्द्याशिवाय. आणि तिथे आवाज साठवले आहेत. म्हाताऱ्या वैमानिकांना बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. बॉम्बखाली सापडलेल्या लोकांच्या आठवणीही त्याच संग्रहात ठेवल्या. ज्याने वरून आग पाहिली आणि ज्याने ती खालून पाहिली, ते दोघे आता एका कपाटात शेजारी आहेत.

ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चचीही गोष्ट अशीच. बॉम्बफेकीत कोसळलेले हे चर्च ढिगाऱ्यातले दगड वापरून पुन्हा उभे केले आणि २००५ साली खुले झाले. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून भेट आला. तो घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर गेलेल्या विमानांपैकी एका विमानात पायलट होते. बाप शहरावरून उडाला होता. मुलाने त्या शहराचा कळस घडवला. यापुढे भाषण लागत नाही.

आपण ‘शहीद’ हा शब्द रोज वापरतो. अरबी भाषेत त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या ‘मार्टर’ या शब्दाचे ग्रीक मूळही साक्षीदार असेच सांगते. मेलेल्याला आपण हा मान देतो आणि जिवंत राहिलेल्या साक्षीदाराची साक्ष नोंदवायला विसरतो. हार घालणे सोपे असते. ‘त्या रात्री तुम्ही काय पाहिलेत, आणि त्यानंतर तुम्हाला झोप कशी लागली?’ हे विचारून गप्प बसणे अवघड असते.

बॉम्बर कमांडमधले आज कोणी उरले असतील तर ते शंभरीच्या घरात आहेत. धरण फोडण्याच्या १९४३च्या प्रसिद्ध हल्ल्यात भाग घेतलेला शेवटचा माणूस, जॉनी जॉन्सन, २०२२च्या डिसेंबरात वयाच्या एकशेएकाव्या वर्षी गेला. तिकडची साक्ष बरीचशी नोंदवून झाली. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या गावांतून दुसऱ्या महायुद्धावर गेलेले जवान आता जवळजवळ संपले. १९६५ आणि १९७१ची युद्धे पाहिलेले मात्र अजून पारावर, ओसरीवर बसलेले आहेत. सव्वीस जानेवारीला त्यांना शाल-श्रीफळ देतात आणि भाषण पुढारी करतो. या खेपेला माइक त्यांच्या हाती द्या. ते अडखळतील, मधेच थांबतील, एखादी गोष्ट अभिमानाची नसेल. ती मधे तोडू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)