खडूची फुली आणि माणसाची पारख

मंडळी, शाळातपासणीचा दिवस आठवून बघा. साहेब वर्गात येतात, एका चुणचुणीत मुलाला उभे करतात आणि साधा तोंडी हिशेब घालतात. एरवी फडाफडा उत्तरे देणारा तो मुलगा मान खाली घालतो, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहतो. गुरुजींचा जीव खालीवर होतो. पोरगं ढ नाही, बावरलंय, हे त्यांना पक्के ठाऊक असते. साहेबांच्या वहीत मात्र 'उत्तर दिले नाही' एवढीच नोंद होते.

आता समजा, त्या एका उत्तरावर साऱ्या कुटुंबाचे नशीब ठरणार असते तर? घरदार विकून, समुद्र ओलांडून आलेल्या माणसांवर असा प्रसंग खरोखरच येत असे. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस नावाचे एक लहानसे बेट आहे. १८९२ साली तिथे सरकारी ठाणे सुरू झाले, ते १९५४ साली बंद झाले. त्या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसे त्या दारातून अमेरिकेत गेली. एकट्या १९०७ साली दहा लाखांहून अधिक आली. इटलीचे शेतकरी, रशिया-पोलंडमधले गरीब यहुदी, हंगेरीचे मजूर असे सगळे त्यात होते. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरकत असे. बेटावर रांगेत उभे राहावे लागे ते तळच्या वर्गाने आलेल्या गोरगरिबांना.

ही रांग जिना चढू लागली की डॉक्टर नजर ठेवीत. कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, कोण भांबावल्यासारखा पाहतो, हे काही सेकंदांत हेरायचे आणि संशय आला की त्याच्या कोटावर खडूने खूण करायची. मनाविषयी वा बुद्धीविषयी शंका असेल, तर खूण असे फुलीची. फुली पडली की माणूस रांगेतून बाजूला काढला जाई आणि वेगळ्या खोलीत नेला जाई.

याला कायद्याचा आधार होता. १८८२ च्या कायद्याने वेड्यांना आणि जडबुद्धीच्या माणसांना प्रवेश बंद झाला. १९०७ च्या कायद्याने त्यात 'मंदबुद्धी' लोकांची भर पडली. वेडा माणूस ओळखता येईल. पण मंदबुद्धी कोणाला म्हणायचे? त्यासाठी कसोटी लागते, आणि घोटाळा सुरू झाला तो तिथेच.

खोलीत सोप्या बेरजा विचारीत, चित्रे दाखवीत, लाकडी तुकडे जुळवायला देत. पोलंडहून आलेल्या एका मुलीला विचारले, की जिना धुवायचा तर वरून सुरुवात करशील की खालून? ती म्हणाली, मी अमेरिकेला जिने धुवायला आलेले नाही! सांगा बरे, या उत्तराला गुण किती द्यायचे?

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पुस्तकी प्रश्न विचारून उपयोग नाही, हे तिथल्या काही डॉक्टरांना उमगले होते. हॉवर्ड नॉक्स हे १९१२ ते १९१६ या काळात बेटावर होते. त्यांनी ठोकळ्यांची एक कसोटी बसवली. चार ठोकळे ओळीने मांडायचे, पाचव्याने त्यांवर ठरावीक क्रमाने टकटक करायची आणि समोरच्याला तसेच करून दाखवायला सांगायचे. इथे भाषेची गरज नाही, अक्षरओळखीची नाही.

पण सगळ्यांनी एवढे भान ठेवले नाही. हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या मदतनीस स्त्रिया बेटावर पाठवून थोड्याशा उतारूंची बुद्धिमापनाच्या प्रश्नांनी परीक्षा घेतली. १९१७ साली त्याने आकडे छापले : यहुद्यांपैकी ८३ टक्के आणि इटालियनांपैकी ७९ टक्के मंदबुद्धी! यहुदी किती तपासले? पस्तीस. इटालियन? पन्नास. तीन मिनिटांत साठ शब्द बोलून दाखवा, आकृती पाहून आठवणीने काढा, असे ते प्रश्न. जन्मात कधी पेन्सिल न धरलेला, आगबोटीच्या तळातून नुकताच वर आलेला शेतकरी काय आकृती काढणार? ते आकडे गॉडार्डलाही अवघड वाटले, पण मोजपट्टीच चुकली असे म्हणायला तो तेव्हा तयार झाला नाही.

चुकीचा घाव कसा बसतो, ते फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी लिहून ठेवले आहे. हे गृहस्थ पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले. पण १९०७ ते १९१० या काळात ते बेटावर दुभाषी होते. इटलीच्या डोंगराळ मुलखातली एक मुलगी आली. तिची बोली कोणाला कळेना, उत्तरे देताना ती अडखळू लागली, म्हणून तिला तपासणीसाठी अडकवून ठेवले. परक्या पुरुषाने कधी बोटही न लावलेली ती पोर. डॉक्टर गुडघ्यावर, पाठीवर ठोकून पाहू लागताच ती बिथरली. ला ग्वार्डिया सांगतात, की शहाणीसुरती आलेली ही मुलगी दोन आठवड्यांत खरोखरच वेडी झाली.

पुढे १९१७ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील माणसांना वाचता येण्याची अट घातली आणि हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद केले. आपल्या लोकांसाठी ते १९४६ साली किलकिले झाले, तेही वर्षाला शंभरजणांपुरते.

शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट आपल्या शाळेपासून फार दूरची नाही. गॉडार्डने वापरलेल्या प्रश्नांचे मूळ फ्रान्समधल्या बिने यांच्या चाचणीत होते. तीच चाचणी वि. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी घेतली. पण जशीच्या तशी उचलली नाही. इथल्या मुलांवर ती पारखून, तिचे माप इथे बसवून १९४० साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. आधी मापाची परीक्षा, मग मुलाची, हा क्रम त्यांनी पाळला.

काळ पालटला तसा तपासणीचा हेतूही काही अंशी पालटला. छळ सोसून परदेशी आश्रय मागणाऱ्या माणसाच्या बाजूने आज मानसशास्त्रज्ञाचा अहवाल न्यायाधीशापुढे ठेवता येतो. भयंकर प्रसंगातून गेलेल्याला तारखा आठवत नाहीत, घटनांचा क्रम चुकतो, सांगता सांगता तो गप्प होतो. पूर्वी त्याला सरळ खोटारडा म्हटले असते. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांपुढे आलेल्या इस्तंबूल नियमावलीने छळाच्या शारीरिक आणि मानसिक खुणा कशा तपासाव्यात व नोंदवाव्यात हे घालून दिले. माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यावे, घाई करू नये, विश्वास बसू द्यावा, हे तिचे सांगणे आहे. अर्थात अहवाल म्हणजे निकाल नव्हे. निकाल न्यायाधीशच देतो. पण गप्प बसण्याचा अर्थ सांगणारा कोणीतरी आता शेजारी उभा राहू शकतो.

तेव्हा उद्या तुमच्या वर्गात तांड्यावरचे, पाड्यावरचे किंवा ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबातले एखादे मूल येईल आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसेल. त्याच्या नावापुढे फुली मारण्याआधी एवढे विचारा, की माझा प्रश्न त्याच्या बोलीत होता का?