यादीत नसलेलं मूल : किल्लारी ते करोना

आपत्ती आली की दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं काय होतं, हा आजचा विषय. येडशीत बसून तो बोलायचा, तर सुरुवात किल्लारीपासूनच करावी लागते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढचं पुनर्वसन आपण अभिमानानं सांगतो, ते सांगायलाच हवं. ५२ गावं नव्या जागी वसली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं.

आता मोजणी कशाची झाली ते बघा. मृत किती, जखमी किती, घरं किती पडली, अनाथ किती. जे मूल भूकंपाच्या आधीपासूनच अंध होतं, कर्णबधिर होतं, ज्याला चालता येत नव्हतं, ते यातल्या कुठल्या रकान्यात बसतं? आईवडील वाचले असतील तर ते अनाथ नाही. अंगावर जखम नसेल तर ते जखमीही नाही.

पण आपत्ती त्याच्यावरही आलीच होती. जुन्या गावठाणात घरं एकमेकांना चिकटून होती. भिंतीला हात लावत अंध मूल शाळेपर्यंत जाऊ शकायचं. नवी गावं ऐसपैस, रुंद रस्त्यांची. भूकंपाच्या दृष्टीनं ते योग्यच. पण त्या मुलाच्या ओळखीची भिंत गेली, आणि ज्याला चालवत नाही त्याची शाळा लांब गेली.

याला कोणी दुष्ट होतं म्हणून नाही. त्या वेळी देशात अपंगांना (तेव्हाचा शब्द हाच) शिक्षणाचा हक्क देणारा कायदाच नव्हता. १९७४ पासून सर्वसाधारण शाळांत अशा मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना होती, पण योजना म्हणजे हक्क नव्हे. कायदा आला १९९५ साली. त्यात १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आलं, आपत्तीसाठी मात्र वेगळं कलम नव्हतं. मग २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करू नये, असं त्याचं कलम ६१ सांगतं. या यादीत अपंगत्व नाही! म्हणजे एका कायद्याला आपत्ती दिसली नाही, दुसऱ्याला अपंगत्व दिसलं नाही.

ही फट बुजायला २०१६ उजाडलं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची. याच कायद्याचं कलम १७ म्हणतं, दिव्यांग मुलं शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी शालेय मुलांचं सर्वेक्षण करा.

आणि मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. यावेळी भिंत पडली नाही, पण धडे मोबाइलवर आणि टीव्हीवर गेले. ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलासमोर मास्क आला. निवासी शाळेतून घरी परतलेल्या कर्णबधिर मुलाशी खुणांनी बोलणारं घरात कोण होतं? ब्रेल बोटांनी वाचायची असते, मोबाइलच्या काचेवर ती उमटत नाही. कायदा होता, पण शिक्षक शोधत निघाला तर जायचं कुठं, हे यादीशिवाय कळणार कसं?

इतिहासातून आम्हाला दिसतं ते एवढंच. आपत्तीत मदत यादीच्या मागून जाते. यादी आधी नसेल, तर त्या गडबडीत ती कोणी करत नाही.

म्हणून येडशीकरांना एक विनंती. शाळेच्या सर्वेक्षणातली नावं आणि आपत्ती विभागाची नोंद जुळते का, हे ग्रामसभेत विचारा. आशाताई, अंगणवाडीताई आणि गुरुजी एकत्र बसले तर गावाची यादी एका दुपारचं काम आहे. नावापुढं लिहा : उचलून न्यावं लागतं, खुणांनी सांगावं लागतं, औषध रोज लागतं, शाळा कोणती, घरी शिकवायला कोण येतं.

पुढची आपत्ती कधी येईल ते सांगता येत नाही. त्या मुलाचं घर कुठं आहे, ते मात्र आजच सांगता येतं.