रश्श्याची वंशावळ

इतिहास म्हटला की आपल्यापुढे तह, स्वाऱ्या आणि सनावळ्या उभ्या राहतात. ज्या चुलींवर त्या स्वाऱ्यांचे जेवण शिजले, त्यांची दखल बखरकारांनी क्वचितच घेतली. वास्तविक एखाद्या समाजाचा कोणाकोणाशी संबंध आला, हे त्याच्या दरबारी कागदपत्रांइतकेच त्याच्या पातेल्यातूनही कळते. नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, कलकत्ता, भोपाळ, मद्रास अशा ठिकाणी राहिलेल्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव आहे. रविवारी बोकडाच्या मटणाचा रस्सा शिजतो, शेजारचे बंगाली किंवा पंजाबी गृहस्थ पंक्तीला असतात, आणि यजमान मोठ्या अभिमानाने सांगतात की, हा आमचा अस्सल, शेकडो वर्षांचा मराठी रस्सा. या विधानात सत्य किती आणि अभिमान किती, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

बोकडाचे मांस पाण्यात शिजवून त्याचा रस काढण्याची पद्धत आपल्या देशात निःसंशय प्राचीन आहे. चरकसंहितेत मांसरसाचा उल्लेख पथ्य आणि पोषण या दृष्टीने वारंवार येतो. बोकडाच्या मांसाविषयी चरकाचे मत असे की, ते फार शीत नाही, फार जड नाही, फार स्निग्धही नाही; मानवी शरीराच्या धातूंशी त्याचे साम्य असल्यामुळे ते दोष उत्पन्न करीत नाही आणि शरीर पुष्ट करते. वैद्यकग्रंथांतच 'वेसवार' हा प्रकारही आढळतो. हाडे काढून कुटलेले मांस सुंठ, मिरे, पिंपळी, गूळ आणि तूप घालून शिजविले म्हणजे वेसवार होई. पुढे हे नाव मसाल्याच्या पुडीलाही लागले. मराठवाड्यात आजही घरोघर असणारे 'येसर' हे त्याच शब्दाचे घरगुती रूप होय. मांस गेले, नाव मात्र आमटीत राहिले.

यानंतरचा मोठा साक्षीदार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्तींच्या परीक्षेपासून संगीतापर्यंत राजाला उपयोगी पडणारे सर्व ज्ञान त्यात एकत्र केले असून 'अन्नभोग' या प्रकरणात मांसाचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. हिंग, मिरे, आले, सैंधव आणि आंबट फळांचा रस ही त्यांतील मुख्य सामग्री. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातील. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून हा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. महाराष्ट्राबाहेरील एका मराठी संस्थानाचे हे ऋण विसरता येण्यासारखे नाही.

माळव्यात मांडू येथे सुलतान घियासशहा (कारकीर्द १४६९ ते १५००) याने 'निमतनामा' नावाचे सचित्र पाकपुस्तक सिद्ध करण्यास घेतले. त्याच्या मुलाच्या काळात ते पुरे झाले. अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या मुदपाकखान्यातील मापे दिली आहेत. दोप्याजासाठी दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि दोन शेर कांदे, शिवाय जिरे, धने, वेलदोडे, लवंगा व मिरे. बाजारभावही त्यात आहेत: मेंढीचे मांस मणाला ६५ दाम, बोकडाचे ५४.

आता या सर्व याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. चरकात, सोमेश्वरात, मांडूच्या पुस्तकात किंवा अकबराच्या दोप्याजात लाल मिरची कोठेही नाही. ती असणे शक्यच नव्हते किंवा ती अजून मुदपाकखान्यापर्यंत पोचलेली नव्हती. मिरचीची मायभूमी अमेरिका. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्या शतकात त्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिखटपणा आपण मिऱ्यापासून ओळखत होतो, म्हणून या नव्या फळाचे नावही मिऱ्यावरूनच पडले. मिरी मलबारातून विकत आणावी लागत, मिरची परसात उगवे. तेव्हा गरिबाच्या घरी तिचा जम बसला यात नवल नाही. तात्पर्य, देवगिरीच्या यादवांच्या ताटात तांबडा रस्सा कधीही पडला नाही. मटणात पडणारा बटाटा, वाटणातले काजू, शेंगदाणे, अलीकडचा टोमॅटो, इतकेच नव्हे तर मांस लवकर शिजावे म्हणून चोळली जाणारी कच्ची पपई, ही सर्व मंडळीही त्याच अमेरिकेची.

शब्दांची कथाही निराळी नाही. 'मसाला' अरबीतून फारसीच्या वाटेने आला. 'मटण' इंग्रजीतून आले. इंग्रजीत त्याचा अर्थ मेंढीचे मांस, पण आपल्या खाटकाच्या दुकानात तो बोकडावर स्थिरावला. गावोगाव नवस फेडण्यासाठी पिराला बोकड देऊन जी 'कंदुरी' करतात, तो शब्दही फारसी. आणि त्या कंदुरीच्या पंक्तीला हिंदू-मुसलमान दोघेही बसत आले.

मग या रश्श्यात मराठी ते काय? माझ्या मते ते सामग्रीत नसून रीतीत आहे. मटण प्रथम हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवायचे आणि त्याचे पाणी निराळे राखायचे. कोल्हापूरकडे त्याला 'अळणी' म्हणतात. मग कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून, कोरडे मसाले परतून, पाट्यावर बारीक वाटण करायचे आणि ते तेलात तर्री सुटेपर्यंत परतून अळणी पाण्यात मिळवायचे. याच पाण्याला नारळाचे दूध, खसखस, तीळ यांची जोड दिली की पांढरा रस्सा आणि तिखटाचे वाटण दिले की तांबडा. खानदेशात खोबरे काळे होईपर्यंत भाजतात. नागपूरच्या सावजी रश्श्यात दगडफूल बोलते. कोकणात ओला नारळ येतो आणि पदार्थाला सागुती म्हणतात. पाठारे प्रभूंच्या संभारात मसाल्याबरोबर गहू आणि हरभऱ्याची डाळही भाजून दळलेली असते. भाजणे, वाटणे आणि रस पातळ राखून भाकरी त्यात कुस्करणे, ही शिस्त मात्र बहुतेक ठिकाणी एकच.

परप्रांती राहणाऱ्यास ही तुलना अधिक स्पष्ट दिसते. बंगालात कालीला बळी दिलेल्या बोकडाचे मांस कांदा-लसणाशिवाय आले, जिरे व हिंग घालून शिजवितात आणि त्याला 'निरामिष मांस' म्हणतात. काश्मिरी पंडितांचा रोगनजोशही कांदा-लसूण टाळून बडीशेप, सुंठ आणि हिंगावर उभा असतो. राजस्थानात लाल मांस आणि सफेद मांस अशी जोडी आहे. आपल्या तांबड्या-पांढऱ्याची आठवण व्हावी अशी. आणि इंग्रजांचे 'स्टू' दिल्ली-लखनौच्या मुसलमानी घरांत भरपूर कांदे व अख्खे मसाले घेऊन, तर केरळात नारळाचे दूध घेऊन, दोन्हीकडे 'इष्टू' याच नावाने नांदते आहे. परकी वस्तू घरची करून घेण्याची खोड एकट्या मराठी माणसाची नव्हे.

आता थोडे कागदपत्रांविषयी. वरील बहुतेक साधने राजवाड्यांतली आहेत. तंजावरचे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत आहे, आणि त्यात मराठी मुदपाकखान्याशेजारी इंग्रजी पदार्थांनाही जागा मिळाली आहे. पण तेही राजाचेच. घरगुती पाककृती छापल्या जाऊ लागल्या त्या बऱ्याच नंतर. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले आणि त्यात सामिष पदार्थांनाही स्थान मिळाले. तरीही कित्येक घरांत मटणाची चूल परसात, भांडी निराळी, सोमवार-गुरुवार आणि श्रावण वर्ज्य. जे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर शिजले, ते स्वयंपाकाच्या वहीतही सहसा आले नाही. राजाच्या दोप्याजाचे माप चारशे वर्षांनी सांगता येते. आपल्या पणजीच्या रश्श्याचे सांगता येत नाही.

बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या घरी हे नुकसान अधिक वेगाने होते. उस्मानाबादी शेळीच्या मांसावर बसलेला हात पंजाबातील थोराड बीटलला किंवा बंगालच्या लहानखुऱ्या काळ्या जातीला तसाच लागू पडत नाही. खांदा आणि नळीचे चिवट मांस मंद आचेवर दीर्घकाळ ठेवले म्हणजे त्यातील चिकट द्रव्य विरघळून रसाला दाटपणा येतो. तो किती वेळ, हे गृहिणी नव्या गावी नव्याने शिकते. १९५९ च्या सुमारास आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि तोही हिशेब बदलला. पाट्याची जागा यंत्राने घेतली, निखारे गेले. प्रत्येक बदल सोयीचाच होता. परंतु पूर्वी काय होते ते कोणी टिपून ठेवले नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. रस्सा शिवकालीन आहे की नाही, या वादात न पडता आपल्या घरी तो आज कसा होतो ते लिहून ठेवावे. घरातील वडीलधारी स्त्री मसाला काढते तेव्हा तिची मूठ तराजूत घालून वजन करावे. खोबरे कोणत्या रंगावर उतरविले, मिरची कोणत्या गावची, मांस कोठले आणि किती वेळ शिजले, हे तारखेसह नोंदवावे. पुढील बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एवढे काम एका रविवारी सहज होण्यासारखे आहे.