चेहऱ्यांची बेरीज

संगणकाने घडविलेल्या मानवी चेहऱ्यांविषयी आज जे कुतूहल आणि जी भीती व्यक्त होते, ती पाहता हा सारा प्रकार गेल्या आठ-दहा वर्षांत उपजला असावा असा समज होतो. वास्तविक त्याचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. कॅमेऱ्याने माणसाचा चेहरा जसाच्या तसा टिपायला सुरुवात केली आणि काही दशकांतच त्याच कॅमेऱ्याने कुठेही अस्तित्वात नसलेला चेहराही निर्माण करून दाखविला. या दुसऱ्या परंपरेचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. कारण ती आता आपल्या दिवाणखान्यातील पूर्वजांच्या तसबिरींपर्यंत येऊन पोचली आहे.

या परंपरेचा आरंभ एका शास्त्रज्ञाने केला. फ्रान्सिस गाल्टन हा नात्याने चार्ल्स डार्विनचा आतेभाऊ. मोजदाद हा त्याचा छंद आणि ध्यास. १८७७च्या सुमारास त्याने इंग्लंडच्या तुरुंग खात्याकडून कैद्यांची छायाचित्रे मिळविली आणि गुन्ह्यांच्या प्रकारानुसार त्यांचे गट पाडले. खुनी, दरोडेखोर, चोर अशा प्रत्येक वर्गाचा म्हणून एक खास चेहरा असला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. तो शोधण्याची त्याची युक्ती साधी होती. सर्व चित्रांतील डोळे एकाच रेषेत येतील अशी ती बसवायची आणि एकामागून एक त्याच काचेवर उतरवायची. समजा, काचेला ऐंशी सेकंदांचा प्रकाश हवा आहे आणि चित्रे आठ आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद. जे सर्वांत समान असेल ते गडद उमटेल आणि जे एकेकट्याचे असेल ते पुसट होत नाहीसे होईल, असा त्यामागचा हिशेब होता.

हिशेब अचूक ठरला, पण उत्तर अपेक्षेच्या उलट आले. गुन्हेगारांचा संमिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा सौम्य आणि देखणा दिसू लागला. कुणाची वाकडी भुवई, कुणाचे फुगलेले नाक, कुणाच्या ओठावरची जखम हे सर्व बेरजेत विरघळून गेले आणि चारचौघांसारखा एक मनुष्य शिल्लक राहिला. गाल्टनने ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली. परंतु तिचा धडा मात्र घेतला नाही. पुढे त्याने क्षयरोग्यांचे आणि लंडनमधील ज्यू शाळकरी मुलांचे संमिश्र चेहरे बनविले. वंशसुधारणेच्या ज्या विचाराला त्याने १८८३ साली ‘युजेनिक्स’ हे नाव दिले, त्याची पुढच्या शतकातील परिणती सर्वांना ठाऊक आहे.

याच गाल्टनच्या चरित्रात एक विलक्षण विरोधाभास आहे. १८९२ साली त्याने बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिला. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने जमविलेल्या ठशांचा त्याला त्यात मोठा उपयोग झाला आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी स्थापन झाली. चेहऱ्यात वर्ग शोधू पाहणाऱ्या माणसाच्या हाती, बोटाच्या टोकावर, प्रत्येकाचे वेगळेपण लागले. कुठल्याही दोन माणसांना एक न मानणारी खूण आणि सर्वांना एक करू पाहणारे चित्र या दोहोंचा पुरस्कर्ता एकच, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गाल्टनच्या काचेचा वारसा शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमधील एका चित्रकर्तीकडे आला. नॅन्सी बर्सन १९६८ साली त्या शहरात आली आणि कला व यंत्र यांच्या नात्यावर तेथील आधुनिक कलासंग्रहालयात भरलेले एक प्रदर्शन पाहून तिच्या मनात एक यंत्र आले : समोर बसलेल्या माणसाला त्याचा म्हातारपणीचा चेहरा दाखविणारे. त्या वेळी संगणकाची तेवढी ताकद नव्हती. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांच्या साहाय्याने हे स्वप्न आकाराला आले आणि १९८१ साली एका सहकाऱ्यासह तिला त्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

त्यानंतर बर्सनने गाल्टनचेच हत्यार उचलले, पण त्याची धार फिरविली. १९८२च्या ‘वॉरहेड’ या चित्रात तिने अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या पाच नेत्यांचे चेहरे मिसळले. प्रत्येकाचा वाटा त्याच्या ताब्यातील अण्वस्त्रांच्या प्रमाणात : रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ टक्के, थॅचर, मित्तराँ आणि डेंग यांचा प्रत्येकी एक टक्क्याहून कमी. त्याच वर्षी तिने बेट डेव्हिस, ऑड्री हेपबर्न, ग्रेस केली, सोफिया लॉरेन आणि मेरिलिन मन्रो या पाच नट्यांच्या चेहऱ्यांचा एक चेहरा केला. तो सुंदर आहे. पण तो कोणाचाच नाही. गाल्टनने प्रत्येक चेहऱ्याला सारखा प्रकाश दिला आणि त्याला शास्त्र म्हटले. कुणाला किती प्रकाश द्यायचा हे ठरविणारा हात नेहमीच असतो, ही गोष्ट बर्सनने टक्केवारी उघड मांडून दाखवून दिली.

याच पद्धतीचा एक उपयोग मात्र निखळ करुणेचा झाला. अनेक वर्षांपूर्वी हरवलेली मुले आज कशी दिसत असतील याची चित्रे तिने व तिच्या सहकाऱ्यांनी तयार केली. मुलाचे जुने छायाचित्र घ्यायचे आणि आईवडिलांच्या चेहऱ्यांच्या आधाराने त्याचे वय वाढवायचे. अशा चित्रांमुळे काही मुले सापडली आणि अमेरिकेच्या संघीय तपास खात्यानेही ही पद्धत स्वीकारली. येथे बेरीज व्यक्तीला पुसण्यासाठी नव्हती, तिला शोधण्यासाठी होती. तंत्र एकच, फरक पडला तो हेतूने.

भारतात या प्रयोगांना निराळे वळण मिळाले, आणि ते देणाऱ्या कलावंताचे शिक्षण वडोदऱ्यातील महाराज सयाजीराव विद्यापीठात झाले होते. विवान सुंदरम (१९४३–२०२३) हे अमृता शेरगिल यांचे भाचे. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी कित्येक दशके स्वतःची आणि कुटुंबाची छायाचित्रे काढली होती. २००१-०२ साली सुंदरम यांनी ती संगणकावर घेतली आणि ‘रीटेक ऑफ अमृता’ ही चित्रमालिका रचली. निरनिराळ्या वर्षी काढलेली माणसे तीत एका खोलीत येतात. आरशात एक प्रतिमा, आरशापुढे दुसरी. तरुण आणि वृद्ध उमरावसिंग एकाच चौकटीत. परंतु सुंदरम यांनी चेहरे एकमेकांत मिसळले नाहीत. त्यांनी ते शेजारी ठेवले. प्रत्येक चेहरा आपापले वय आणि आपापली नजर घेऊन उभा राहतो. घराण्याचा इतिहास असाही सांगता येतो, हे या मालिकेने दाखविले.

यानंतरची घडामोड वेगाने झाली. २०१४ साली इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रचना मांडली की, एक यंत्रणा चेहरा बनविते, दुसरी तो खरा की खोटा हे पारखते आणि या झटापटीत दोन्ही तरबेज होत जातात. डिसेंबर २०१८मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी ७०,००० छायाचित्रांच्या संग्रहावर शिकविलेली यंत्रणा प्रसिद्ध केली. तिने बनविलेली माणसे जन्माला आलेलीच नव्हती, आणि तरी ती ओळखीची वाटत. ही गाल्टनच्या अर्थाने सरासरी नव्हे. पण हजारो चेहऱ्यांतून शिकलेल्या ‘संभाव्य’ चेहऱ्याचीच ती निर्मिती आहे. ज्यांचे चेहरे संग्रहात थोडे, त्यांच्याबाबत यंत्राची समजही थोटकी. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन यंत्रणा जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ साली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळली.

आता हे यंत्र आपल्या घरांत आले आहे. २०२१ साली जुन्या छायाचित्रांतील माणसांना मान हलवायला आणि हसायला लावणारी सेवा निघाली. फिकट चित्रे लखलखीत करणारी साधने तर मोबाइलवरच मिळतात. येथे आम्हांला आपल्या घराण्यांचा विचार मनात येतो. लाला दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास इंदुरात कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) त्यांना उत्तेजन दिले, पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. मध्य भारतात आणि दक्षिणेत वसलेल्या मराठी कुटुंबांच्या पहिल्यावहिल्या तसबिरी त्याच काळाच्या आगेमागे निघालेल्या. त्यांतील माणसे सहसा हसत नाहीत. एखाद्या पणजीच्या गालावर देवीचे व्रण दिसतात, एखाद्या खापरपणजोबांचा एक डोळा झाकोळलेला असतो. यंत्राच्या लेखी हे सारे दोष. ते व्रण पुसून टाकते, धूसर डोळ्याच्या जागी इतर हजारोंच्या डोळ्यांवरून शिकलेला डोळा बसविते. नातवंडांच्या हाती स्वच्छ चित्र येते, पण त्यातील बाई आपली पणजी राहिलेली नसते.

तुरुंगातल्या माणसांचे दोष बेरजेत वितळले तेव्हा नेमके हेच झाले होते. चेहऱ्यातील जे वेगळे, जे खटकणारे, तेच त्या माणसाचे असते. म्हणून असे प्रयोग हौसेने जरूर करावेत, त्यांत गंमतही आहे आणि कलाही. पण मूळ तसबीर जशी आहे तशी राखावी, आणि तिच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. ज्यांना ते चेहरे ओळखता येतात अशी वडीलधारी माणसे घरोघरी थोडीच उरली आहेत. नवा चेहरा यंत्र केव्हाही बनवून देईल. जुन्या चेहऱ्याचे नाव मात्र त्यांनाच सांगता येईल.