देवगिरीचा कोट आणि धोक्याचा अंदाज

दौलताबादच्या पायथ्याशी उभ्या राहणाऱ्या मनुष्याची नजर प्रथम वर जाते. सपाट मुलखातून सुमारे 600 फूट उंच उठलेला हा डोंगर. त्याचा खालचा भाग चोहोबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला. तळाशी खडकात खोदलेला खंदक आणि तो ओलांडावयास एकच अरुंद वाट. पलीकडे डोंगराच्या पोटात शिरणारी ‘अंधेरी’. या काळोख्या, वळणावळणाच्या भुयारात शत्रूने वाट चुकावी आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून त्याला धुराने कोंडावे, अशी योजना. हे सारे पाहून खाली उतरणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: असा किल्ला शत्रूच्या हाती गेला तरी कसा?

भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. यादवांची युद्धे होत ती होयसळांशी, माळव्याशी, गुजरातेशी. म्हणजे शत्रू ओळखीचा, त्याची वाट ओळखीची आणि त्याची चाहूलही आधी लागणारी. 1296 साली कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वारांसह विंध्य ओलांडून अकस्मात देवगिरीपुढे येऊन ठाकला. असे संकट दक्षिणेने पूर्वी पाहिलेच नव्हते. युवराज फौज घेऊन दूर गेला होता. दिल्लीची मोठी सेना मागून येत आहे, अशी हूल अल्लाउद्दीनाने उठविली आणि रामदेवराव गडावर गेला.

फिरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो की, त्या धांदलीत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोणी धान्याच्या समजून गडावर चढविण्यात आल्या. वेढ्यात त्या उघडल्या, तेव्हा आत मीठ निघाले! कडा अभंग होता, दरवाजे शाबूत होते. परंतु मीठ खाऊन शिबंदी किती दिवस लढणार? रामदेवरावाला जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

यानंतर राजवटी बदलल्या आणि प्रत्येकीने गडाला काही ना काही जोड दिली. 1327 साली महंमद तुघलकाने येथे राजधानी आणून दौलताबाद हे नाव दिले. पुढे बहामनी आले, निजामशाही आली. अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशा तटांच्या रांगा उभ्या राहिल्या. तोफांचे युग आले तसे बुरुजांवर मेंढ्यासारख्या प्रचंड तोफा चढल्या. प्रत्येक तट म्हणजे मागच्या एखाद्या भीतीला दिलेले दगडी उत्तरच होय.

तरीही 1633 साली काय घडले? मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान आत होता. सुरुंग लावून मोगलांनी बाहेरचे तट फोडले. आतल्यांना मात्र त्याहून अधिक घेरले ते उपासमारीने. विजापूरकरांच्या फौजेने, जिच्यात शहाजीराजेही होते, आत धान्य पोचविण्याचे केलेले प्रयत्न फसले. अखेर फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला. अंधेरीत शिरण्याची मोगलांना गरजच पडली नाही. 337 वर्षांत तट वाढले होते. कोठाराची उणीव मात्र तशीच राहिली होती.

मनुष्यस्वभावच असा आहे. जो धोका डोळ्यांनी पाहिला त्याला मनुष्य थोर मानतो. जो पाहिला नाही तो त्याच्या हिशेबात शून्य असतो. हा स्वभाव राजांबरोबर संपला नाही. तो आजच्या स्थापत्यातही आहे. फक्त दगडाऐवजी कागदावर आहे.

पूर्वी भिंत किती जाड असावी हे गवंड्याचा हात सांगे. आजची अभियांत्रिकी पेढी एकाच वेळी दहा गावी कामे घेते. प्रत्येक ठिकाणी नवा विचार करणे तिला परवडत नाही. म्हणून नियम ठरतात आणि त्यांचे ग्रंथ होतात. भारतात या कामासाठी 1947 साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. मानकामुळे काम स्वस्त होते, निविदांची तुलना होते, जबाबदारी ठरते. परंतु त्यात एक मेखही आहे. मानकाने सांगितलेल्या किमानापेक्षा अधिक लोखंड घालणारी पेढी निविदेत मागे पडते. मग किमान हेच सर्वांचे कमाल होऊन बसते.

भूकंपाचे मानक 1962 साली निघाले. दख्खनचा खडक प्राचीन आणि स्थिर, अशी तेव्हाची दृढ समजूत. त्यामुळे 1966 च्या नकाशात कोयनेचा परिसर अल्प धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे 180 माणसे दगावली आणि धरणाला भेगा गेल्या. धरण टिकले, पण समजूत टिकली नाही. 1970 च्या आवृत्तीत कोयना चौथ्या विभागात गेली.

किल्लारी मात्र पहिल्याच विभागात राहिली. जेथे धक्का बसला तेथला रंग बदलला. जेथे बसला नव्हता तेथला तसाच राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेथे सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली. तेथली घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर मातीचे जड धाबे. मराठवाड्याचे ऊन दररोजचे. त्याच्यापासून त्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या रक्षण केले. ज्या जाडीने उन्हापासून वाचविले तीच त्या पहाटे अंगावर कोसळली. 2002 साली पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

याचा अर्थ मानके व्यर्थ आहेत असा नव्हे. मानक म्हणजे समाजाने लिहून ठेवलेली आपल्या संकटांची आठवण होय. ती नसती तर प्रत्येक पिढीला तोच धडा पुन्हा जीव देऊन शिकावा लागला असता. परंतु आठवण मागे पाहते, धोका पुढून येतो. नियम पाळणाऱ्याने नियमापाशीच थांबावयाचे नसते. नियमाने काय गृहीत धरले आहे, हे त्याने अधूनमधून तपासावयाचे असते.

दौलताबादचा तासलेला कडा आजही प्रवाशाला थक्क करतो. त्याच्याकडे मान वर करून पाहताना त्या गोणींचीही आठवण ठेवावी. तट कितीही उंच असो, वेढा पडण्यापूर्वी कोणीतरी एक गोणी उघडून पाहिलेली असावी लागते.