बर्कली आणि यूसीएलए : परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशाची संधी किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातल्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. मुलाला 95 टक्के आहेत, अमेरिकेच्या सरकारी विद्यापीठात नंबर लागेल का? सरकारी म्हटलं की आपल्याकडे फी कमी, असं गृहीत धरलं जातं. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाचंच उदाहरण घेऊ.

या विद्यापीठाचे पदवी शिक्षण देणारे नऊ कॅम्पस आहेत. बर्कली आणि लॉस एंजेलिस, म्हणजे यूसीएलए, हे त्यातले सर्वात अवघड. यूसीएलएकडे अलीकडे पहिल्या वर्षासाठी दरवर्षी 1 लाख 40 हजारांहून जास्त अर्ज येतात आणि शंभरातल्या साधारण नऊ जणांना प्रवेश मिळतो. बर्कलीत एकूण प्रमाण थोडं जास्त आहे, पण परदेशी अर्जदारांचं त्याहून बरंच कमी. कारण सरळ आहे. विद्यापीठ राज्याच्या पैशावर उभं आहे, त्यामुळे पहिला हक्क कॅलिफोर्नियाच्या मुलांचा. बाहेरच्यांच्या जागांवर 2017 पासून मर्यादा आहे, पाच कॅम्पसवर ती 18 टक्के. या वाट्यात अमेरिकेच्या इतर राज्यांतली मुलंही येतात, हे पालक विसरतात.

आता मार्कांचं. एसएटीचे गुण हे विद्यापीठ प्रवेशासाठी बघतच नाही. म्हणून फक्त त्यासाठी क्लासला हजारो रुपये घालवू नका. बघितले जातात ते मुख्यतः दहावी आणि अकरावीचे गुण. इथेच आपली मुलं मार खातात. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, कॉलेजला नाव आणि दिवसभर क्लास, ही सवय जेईईला चालून जाते, इथे महागात पडते. अकरावीची गुणपत्रिका सुद्धा बोर्डाच्या निकालाइतकीच जपावी लागते.

गुणांनंतर निबंध. आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी 350 शब्दांत उत्तर द्यायचं. घराची जबाबदारी, दुकानात अब्बांना केलेली मदत, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं, हे सगळं इथे मोजलं जातं. आमच्या मते एजंटकडून लिहून घेतलेल्या गोड इंग्रजीपेक्षा मुलाने स्वतः लिहिलेलं साधं उत्तर बरं. अर्जात माहिती विद्यार्थी स्वतः भरतो आणि कागदपत्रं नंतर तपासली जातात. एक गुण वाढवून लिहिला तरी मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. "सीट पक्की" म्हणणाऱ्याकडे वळून बघू नका, पैसे देऊन पक्की होणारी सीट तिथे नसते.

शाखेचाही फरक पडतो. कॉम्प्युटर सायन्सला गर्दी सर्वात जास्त. सोपी शाखा घेऊन आत शिरू आणि मग बदलू, ही युक्ती बर्कलीत आता जवळपास बंद झाली आहे.

आणि खर्च? परदेशी विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासकट वर्षाला सुमारे 80 हजार डॉलर, म्हणजे जवळपास 70 लाख रुपये, तेही एका वर्षाचे. गरजेवर आधारित आर्थिक मदत परदेशी मुलांना मिळत नाही. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज अनुदान योजना 2022-23 पासून बंद आहे, आणि ती होती तेव्हाही पदवीसाठी नव्हतीच.

एक बाजूचा रस्ता आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता येतं. तिथली फी बरीच कमी. ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले तर डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांसह सहा कॅम्पस प्रवेशाची हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, पण बदली प्रवेशात तेही कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य देतात.

अर्ज साधारण 1 ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर, म्हणजे बारावी चालू असतानाच भरायचा असतो. सर्व कॅम्पससाठी अर्ज एकच, शुल्क मात्र प्रत्येक कॅम्पसचं वेगळं. निकाल मार्चअखेरपर्यंत कळतो.